गडवेड्या बाबांना सपाट मुलखातला किल्ला दाखवावा का? (ख्रोनिंगन, नेदरलँड्स)

मंजिरी_आइंडहोवन
नमस्कार मंडळी. आई-बाबा मेच्या शेवटी येताहेत, सहा आठवड्यांसाठी. दोघांची ही दुसरी खेप. मागच्या वेळी ट्युलिप, अ‍ॅमस्टरडॅमची बोट, पवनचक्क्या, गीटहोर्न असं सगळं रीतसर उरकलं होतं. बाबा आठवडाभर निमूट मागून फिरले आणि आठव्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "या देशात गड नाहीत का गं?"

बाबा ७१ वर्षांचे. साठी उलटेपर्यंत दर रविवारी पाठीला सॅक. राजगड किती वेळा झाला हे मोजायचं त्यांनी कधीच सोडून दिलंय. गेल्या वर्षी उजवा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणतात भरपूर चाला, पण चढउतार नको. त्यामुळे घरात बसून गडांची पुस्तकं वाचणं आणि आईशी भांडणं असे दोन उद्योग सध्या चालू आहेत.

मला वाटलं, डोंगर नसलेला किल्ला हाच यावर उतारा. इकडे उत्तरेला ख्रोनिंगन प्रांतात बूरटांगं नावाचा चांदणीच्या आकाराचा किल्ला आहे. त्याच भागात जुनी विटांची चर्चेस आहेत, टेकाडांवरची गावं आहेत असं वाचलं. तीन दिवस काढायचा विचार आहे. प्रश्न असे:
तीन दिवस जास्त होतील का? गाडी लागेलच का? चर्चेस उघडी असतात का? आणि मुख्य म्हणजे राजगड पाहिलेल्या माणसाला तिथे नेलं तर तो हसेल का?

आई शाकाहारी आहे, अंडंही नाही.

उनाड_सायकल
पहिला! वाचनखूण साठवली. माझे सासरे ऑगस्टमध्ये येताहेत आणि तेही असेच आहेत.

हेमंत_डेल्फ्ट
ताई, आइंडहोवनहून अडीच-तीन तास गाडी हाकत उत्तरेला कशाला जाताय? नार्डेन आहे, सहा बुरूज आणि दुहेरी खंदक, अ‍ॅमस्टरडॅमच्या बगलेत. लूवेस्टाइन तर तुमच्यापासून तासाभरावर, दोन नद्यांच्या संगमावर. तिथे काकांना ह्यूगो दे ख्रूटची गोष्ट सांगा. मोठा कायदेपंडित, जन्मठेपेवर डांबलेला. त्याला वाचायला पुस्तकांचा पेटारा यायचा-जायचा. १६२१ च्या मार्चमध्ये बायकोने त्यालाच पेटाऱ्यात घातलं आणि पहारेकऱ्यांनी आपल्या हातांनी उचलून बाहेर नेऊन दिला.

शिवाय तो सगळा पट्टा जागतिक वारसा यादीत आहे. शत्रू आला की शेतांत पाणी सोडायचं. गुडघाभरच. चालायला जास्त, होडीला कमी.

कोथरूडचा_काका
पेटारा!! म्हणजे आग्र्याच्या ४५ वर्षं आधी! पेटंट गेलं हो आपलं.

बखरप्रेमी
काका, घाई नको. महाराज पेटाऱ्यात बसूनच निघाले की वेषांतर करून, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ख्रूटच्या बाबतीत मात्र वाद पेटारा कुठला एवढाच आहे. एकाहून जास्त संग्रहालयं "आमच्याकडचा तोच खरा" म्हणतात.

कोथरूडचा_काका
बाजीप्रभूंच्या तलवारीसारखंच म्हणा की. प्रत्येक वाड्यात एक.

सायली_ख्रोनिंगन
मी सहा वर्षं तिथे होते (पीएचडी, मग नवरा, मग मांजर, या क्रमाने), म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उच्चार. ग नाही, ख. तोही घशातून, सकाळी खाकरतो तसा. स्थानिक माणसं शेवटचे स्वर गिळून टाकतात, त्यामुळे स्टेशनवर "ख्रोन्ङ" असलं काहीतरी ऐकू आलं तर तेच आपलं गाव. नमस्काराला "मोय" म्हणायचं. सकाळी मोय, रात्री मोय, येताना मोय, जाताना मोय. काकांना एवढं डच पुरेल.

बूरटांगं. टांगं म्हणजे दलदलीतून वर आलेली वाळूची लांबट धार. चारही बाजूंना मैलोन्‌मैल दलदल आणि जर्मनीकडून ख्रोनिंगन शहराकडे येणारी वाट तेवढ्या एका धारेवरून. डचांचं स्पेनविरुद्धचं ऐंशी वर्षांचं युद्ध चालू होतं, शहर स्पेनच्या बाजूला गेलेलं. शहराची रसद तोडायला डच बंडाचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज याने १५८० मध्ये त्या वाटेवर किल्ला बांधायला सांगितला. त्याला तो बघायला मिळाला नाही. १५९३ मध्ये त्याच्या पुतण्याच्या हातून पुरा झाला. म्हणजे ही आपल्याकडची घाटवाट अडवणारी चौकीच, फक्त घाट आडवा पडलाय.

काका हसणार नाहीत. पहिली पाच मिनिटं हसतील कदाचित. गाडी बाहेर लावून लाकडी पुलांवरून आत चालायला लागलं की वाट सरळ आत जात नाही. पूल, मग मातीचा उंचवटा, मग वळण, पुन्हा पाणी, पुन्हा पूल. मध्ये पाच कोनांची गढी. चौकात झाडं आणि चौकातून गल्ल्या थेट बुरुजांकडे, कारण दारूगोळा धावत न्यावा लागायचा. तटावर कठडा नाही, पायऱ्या नाहीत, नुसतं गवत आणि हलका चढ. बदललेल्या गुडघ्याला याहून चांगला किल्ला मला तरी माहीत नाही.

गाडी हवीच. शहरातून विन्स्कोटनपर्यंत रेल्वे आहे, पण पुढच्या बसच्या वेळा बघून म्हातारी माणसं न्यायचं धाडस करू नका. चर्चेसबद्दल रात्री लिहिते, आता मांजराला इंजेक्शन आहे.

मंजिरी_आइंडहोवन
सायली, किती छान! वाट बघते. हेमंत, लूवेस्टाइन नोंदवून ठेवलं, पण ते एका रविवारचं काम आहे. बाबांना मुक्कामी जायचंय. "डबा घेऊन संध्याकाळी परत म्हणजे सहल, गडावर नव्हे" हा त्यांचा सिद्धांत.

स्पष्टवक्ता
कुणी बोलणार नाही म्हणून मी बोलतो. बूरटांगं ही फिल्मसिटी आहे. १८५१ मध्ये लष्कराने किल्ला सोडला, तट सपाट झाले, खंदक बुजले, शेतकरी गाव झालं. १९६७ ते १९९२ मध्ये सगळं नव्याने उभारलं. तुम्ही बघता तो किल्ला इथे लिहिणाऱ्या बहुतेकांपेक्षा वयाने लहान आहे. खरे अवशेष पाहिलेल्या गडप्रेमी माणसाला हे दाखवणं म्हणजे पुरणपोळी खाणाऱ्याला बिस्किट देणं.

तटबंदी
स्पष्टवक्ते, माहिती बरोबर, निष्कर्ष चूक.

त्यांनी मनाने बांधला नाही. १७४२ साली किल्ला सगळ्यात मोठा होता, त्या वर्षीचा नकाशा समोर ठेवून खंदक पुन्हा खणले. मातीच्या किल्ल्यात 'अस्सल दगड' मुळात नसतोच. माती दर वर्षी ढासळते आणि दर वर्षी चढवावी लागते. १७४२ मध्येसुद्धा ती माती १५९३ ची नव्हती.

आता काकांसाठी थोडं तांत्रिक. आपल्याकडे उंची हे शस्त्र. शत्रूला दमवायचं, तोफा वर चढूच द्यायच्या नाहीत. जिथे उंची नाही तिथे दोनच गोष्टी उरतात, भूमिती आणि पाणी. गोल बुरुजाच्या नाकासमोर एक त्रिकोणी जागा अशी राहते जिथे बाजूच्या बुरुजावरून गोळी पोचत नाही. शत्रू तिथे बसून सुरुंग लावतो. बुरूज बाणाच्या टोकासारखा केला की ती आंधळी जागाच नाहीशी होते. प्रत्येक बुरूज शेजारच्याच्या पायाशी मारा करतो. वरून दिसणारी चांदणी शोभेसाठी नाही, ती गोळ्यांच्या रेषा जोडून आलेली आकृती आहे. आपल्याकडे बघायची असेल तर वसई. पोर्तुगीजांनी हेच तंत्र दगडात केलं.

आणि मातीला हसू नका. दगडी भिंतीवर गोळा बसला की कपचे उडतात, माती गोळा गिळते. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर भरतपूरच्या किल्ल्यात जाटांबरोबर होते आणि इंग्रज सेनापती लेक याने चार हल्ले करूनही मातीचा तट पडला नाही. बूरटांगं बघताना ते भरतपूर डोळ्यांसमोर आणावं.

मुठेकाठचा
सोप्या मराठीत: भुईकोट. नगरचा, सोलापूरचा, परांड्याचा. उगाच 'चांदणी किल्ला' काय. काकांना सांगा, बाबा, भुईकोट बघायला चाललोय. प्रश्न मिटला.

मावळतीचा_वारा
स्पष्टवक्ते यांच्याशी अर्धा सहमत. पण मग आपले? रायगडावर राजवाड्याची जोती तेवढी उरलीत आणि सगळं डोळे मिटून उभं करावं लागतं. मुलाला नेलं तर तो म्हणाला, "बाबा, वाडा कुठाय?" तिथे एखादी खोली तरी पुन्हा बांधावी असं मला वाटतं. आता तर बारा किल्ले जागतिक वारसा झाले, राजगडासकट.

स्पष्टवक्ता
बांधा आणि वर सेल्फी पॉइंट लावा! जोतं हेच खरं.

तटबंदी
यादीत गेल्यावर तर नवं काही उभारणं आणखी अवघड, आणि ते बरंच आहे. डचांनी खेडं रिकामं होत चाललं होतं म्हणून हे केलं. गावाला पोट मिळालं. कारण वेगळं, माती वेगळी, आपण नक्कल करू नये. पण जे केलंय ते जाऊन बघायला काय हरकत आहे?

मुठेकाठचा
रायगडाचा विषय निघालाय, आता शंभरी नक्की.

पिठलं_भाकरी
खाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी.
मोहरीचं सूप (मोस्टर्डसूप) तिथली खासियत, चव आपल्या राईच्या झणक्याची. पण बहुतेक ठिकाणी वरून डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. "झोंडर स्पेक" म्हणायचं, आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारायचं. आयरबाल नावाचा अंड्याचा गोळा तळून मिळतो, तो काकूंना बाद, आत सारणही मांसाचंच असू शकतं. पॅनकेकमध्ये अंडं असतं. म्हणजे उरलं काय, तर चीजचं सँडविच आणि बटाटे.
माझा सल्ला: दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, हॉटेल नको. कुकर न्या.

कोथरूडचा_काका
डच तटबंदीवर कुकरची शिट्टी. शत्रू पळालाच समजा.

सायली_ख्रोनिंगन
मांजर ठीक आहे. आता चर्चेस.

त्या प्रांतात खेडोपाडी मध्ययुगीन चर्चेस आहेत, बरीचशी तेराव्या शतकातली. तिकडे दगड नाहीच. आधी जर्मनीतून राइनमार्गे हलका ज्वालामुखी दगड आणायचे, मग घराजवळच्या चिकणमातीच्या विटा भाजायला लागले. वीट आपल्या विटेपेक्षा बरीच लांब, जवळजवळ फूटभर. मनोऱ्यावर कळस नसतो, कौलारू घरासारखं दुपाखी छप्पर असतं. लांबून बघितलं की शेतातून एखादी म्हैस मान वर करून बघतेय असं वाटतं (हे माझं मत, तज्ज्ञांनी मारू नये).

आत गेल्यावर काकूंना वाटेल की देव कुठाय. १५९४ मध्ये शहर पडलं आणि प्रांत प्रोटेस्टंट झाला. मूर्ती गेल्या, भिंतींवरच्या चित्रांवर चुना फासला. गंमत अशी की त्या चुन्यानेच चित्रं टिकली. दुरुस्त्या करताना खाली सापडत गेली. लोपर्सुमला छतावरची नक्की बघा. झेराइपला आतल्या कमानींवर विटांचीच नक्षी रंगवलेली आहे, विटांच्या इमारतीवर रंगवलेल्या विटा. ऑर्गन ऐकायला मिळाला तर सोडू नका. नोर्डब्रूक आणि आउटहाउझनला आर्प श्निटगर या नामांकित कारागिराने बांधलेले आहेत, सतराव्या शतकाच्या शेवटचे आणि अठराव्याच्या सुरुवातीचे, अजून वाजतात.

उघडी असतात का? काही दिवसा उघडी असतात. काहींच्या दारावर पाटी असते: किल्ली अमुक घरी. सरळ जाऊन बेल वाजवायची. १९६९ पासून एक संस्था ही चर्चेस सांभाळते, शंभरच्या आसपास आहेत तिच्याकडे. प्रार्थनेला येणारी माणसं संपली तिथे मैफली, लग्नं, चित्रांची प्रदर्शनं होतात. गावातला कुणीतरी झाडूही मारतो आणि किल्लीही ठेवतो.

बेडुमला कलता मनोरा आहे. पस्तीसेक मीटर उंच आणि अडीच मीटरच्या वर वाकलेला. बेडुमवाले पिसाचं नाव काढलं की छाती फुगवतात.

उत्खनन
सायलीताईंच्या प्रतिसादात एक भर. चर्चेस ज्या टेकाडांवर आहेत ती निसर्गाची नाहीत. समुद्राला बांध घालायच्या आधी भरतीचं पाणी घरात यायचं, म्हणून लोकांनी शेण, माती, राख, कचरा यांचे थर देत शतकानुशतकं टेकाडं उंच केली. त्यांना तिथे वीर्डं म्हणतात. एझिंगं गावचं टेकाड विसाव्या शतकात खणलं तेव्हा आत घरांवर घरं निघाली.

आणि आपल्या लोकांना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय कळायला हवं, कारण ही आपली पांढर! गावाबाहेरचं राखाडी मातीचं टेकाड, जुनी वस्ती बसून झालेलं. इनामगाव, जोर्वे ही नावं अशाच टेकाडांतून वर आली. आपल्याकडे पांढरीची माती धाब्याला आणि शेतात नेली, तसंच तिकडेही खतासाठी टेकाडं कापून होड्या भरून विकली. काही गावांत चर्च उरलेल्या अर्ध्या टेकाडाच्या कडेशी उभं दिसतं ते त्यामुळे. काकांना कापलेली कडा दाखवा, थर दिसले नाहीत तरी चालेल.

नागपुरी_संत्रं
जुन्याचंच निघालं तर खालच्या ड्रेन्थमध्ये हुनबेड आहेत, पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी कबरी. देशभरात ५४, त्यातल्या ५२ त्या एका प्रांतात. बोर्खरला सगळ्यात मोठी. मी बघितली आणि म्हटलं, आमच्या जुनापाणीला याहून कमी काळाची पण शेकडो शिळावर्तुळं आहेत, तिथे कुणी कॉफीचं दुकानही काढलं नाही.

कोथरूडचा_काका
कॉफीचं दुकान नाही हेच जुनापाणीचं नशीब.

कराडकर
लोपर्सुमचं नाव आलं म्हणून. मी कामानिमित्त त्या भागात दोन वर्षं होतो. भिंतींना लाकडी टेकू लावलेली घरं दिसतील, चर्चेसनाही दिसतील. घाबरू नका, पण कारण माहीत असू द्या. १९५९ मध्ये स्लोख्तरनजवळ प्रचंड वायू सापडला. देशभरातल्या घरांत त्यावर शेगड्या पेटल्या. जमीन मात्र खालून रिकामी होत बसायला लागली आणि भूकंप सुरू झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगंला ३.६ चा झाला. आकडा ऐकून कोयनेकडचा माणूस हसेल, १९६७ चा आमचा सहाच्या वरचा होता. मीही हसलो. मग घरमालकीणबाईंनी मला भिंतीतली फट दाखवली, आत माझी चार बोटं गेली. तिथला भूकंप उथळ असतो, विटांची जुनी घरं आणि खाली मऊ चिकणमाती. ऑक्टोबर २०२३ पासून उपसा थांबलाय, पण जमीन लगेच शांत होत नाही.

कोयनेलाही धरणाच्या पाण्याने भूकंप झाला म्हणतात. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे निदान वीज तुम्हालाच मिळाली असेल." मी काही बोललो नाही. धरणग्रस्त कुठे कुठे गेले ते मला माहीत आहे.

सायली_ख्रोनिंगन
+१. आमच्या खालच्या आजी दर धक्क्यानंतर कपबशा मोजायच्या.

वेंगुर्लेकर_हरी
अवांतर: डचांचो इतिहास बघूक इतक्या लांब कित्याक? आमच्या वेंगुर्ल्यात त्यांची वखार आसा. भिंती उभ्यो, छप्पर नाय, झाडी मात्र भरपूर. संरक्षित स्मारक म्हणान बोर्ड पण आसा.

स्पष्टवक्ता
हेच म्हणतोय मी. खरं जुनं ते हे.

मंजिरी_आइंडहोवन
मंडळी, वखार पुढच्या दिवाळीत नक्की. ठरलं: तीन रात्री, गाडीने, स्वयंपाकघराचं घर. कुकर घेतलाय. आल्यावर लिहिते.

उनाड_सायकल
लिहाच. नाहीतर लोक "आल्यावर लिहिते" म्हणतात आणि त्यांचा आयडी दोन वर्षांनी पाककृतीच्या धाग्यावर दिसतो.

मंजिरी_आइंडहोवन
(जून अखेर) आले, लिहिते.

पहिला दिवस वाऱ्याने खाल्ला. छत्री उघडली आणि ती उलटी होऊन तशीच राहिली. आईने ती कचऱ्यात टाकू दिली नाही, "दुरुस्त होईल" म्हणाली. आता ती पुण्याला जाणार आहे.

बूरटांगं दुसऱ्या दिवशी. वाहनतळापासून बाबा पुढे, आम्ही मागे. पहिल्या पुलावर ते हसले, सायली म्हणाली तसंच. "हा तट? आपल्या शाळेच्या मैदानाचा बांध याहून उंच आहे." दुसऱ्या पुलानंतर वाट वळली आणि ते थांबले. मागे वळून बघितलं. मग पुढे बघितलं. म्हणाले, "इथून आतला दरवाजा दिसत नाही." मी म्हटलं, बरं मग? "अगं, गोमुखी दरवाजाची अक्कल आहे ही. तिथे बुरुजाआड लपवतात, इथे पाण्याआड." त्यानंतर दीड तास बाबा आमचे नव्हते.

बुरुजाच्या टोकाशी उभं राहून हात लांब करून एक डोळा मिटून शेजारच्या बुरुजावर नेम धरत होते. एक डच आजोबा नातवाला घेऊन आले होते, ते थोडा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनीही हात लांब केला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पंधरा मिनिटं बोलत होते.

इथला जुना किल्लेदार प्रोट, त्याची गोष्ट मी वाचून सांगितली. १६७२ मध्ये म्युन्स्टरचा बिशप चालून आला, एकामागून एक ठाणी पडली. प्रोटला दोन लाख गिल्डर (तेव्हाचं डच नाणं) देऊ केले, तर तो म्हणाला तेवढ्याच गोळ्या तुझ्यासाठी ठेवल्यात, अशी कथा सांगतात. बाबा लगेच: "आणि १६६५ ला पुरंदरावर मुरारबाजीने दिलेरखानाचा कौल धुडकावला. सातच वर्षं." मग गप्प. मग, "हा मात्र जगला." तिथल्या बाकावर जरा वेळ बसले.

आईला सगळ्यात आवडलं ते खंदकावर लोंबकळणारं लाकडी शौचकूप. बाबांनी राजगडावरच्या शौचकूपांवर व्याख्यान सुरू केलं, तर आई म्हणाली, "पाणी आणायला कोण जायचं ते सांगा आधी." व्याख्यान तिथेच संपलं.

तिसरा दिवस चर्चेस. लोपर्सुम उघडं होतं. झेराइपला आई छताकडे बघत बराच वेळ मान वर करून उभी राहिली आणि मग दोन दिवस मानेला बाम. आता किल्लीची गोष्ट. एका खेड्यात (नाव नको, बाईंना आवडणार नाही) दारावर पाटी होती. पलीकडच्या घराची बेल वाजवली. ऐंशीच्या घरातल्या बाई, पायात लाकडी बूट, हाताला माती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून वीतभर लांब लोखंडी किल्ली काढली आणि माझ्या हातात न देता बाबांच्या हातात दिली. कुलूप उलटं फिरतं हे हाताने फिरवून दाखवलं. बाबा म्हणाले, "किल्ल्यासाठी आलो आणि किल्ली मिळाली."

आत पांढऱ्या भिंती, जमिनीत कबरींचे दगड, बाकांना रंग उडालेला. काही नाही बघायला, आणि तरी आम्ही तिथून लवकर निघालो नाही. आईने बाहेरच्या भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर, एक वीट शोधली. तिच्यावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा, चारही बोटं स्पष्ट. ओली वीट वाळत घातलेली असताना गेला असणार वरून. आई म्हणाली, "आपल्या अंगणात कोबा केला तेव्हा मोत्या गेला होता ना तसाच." मोत्या २००३ मध्ये गेला. कोबा अजून आहे.

किल्ली परत करायला गेलो तेव्हा आईने दोन दशम्या दिल्या. बाईंनी वांगं-टोमॅटो नव्हे, एक गड्डा कोबी दिला. रात्री कुकर लागला.

स्पष्टवक्ते, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, माणूस बरोबर बोलतोय, पण त्याने जाऊन यावं.

स्पष्टवक्ता
काकांना नमस्कार सांगा. सप्टेंबरमध्ये जमेल बहुतेक. कुणाकडे कुकर आहे का?

पिठलं_भाकरी
कोबीचं काय केलं ते लिहिलं नाही.

मंजिरी_आइंडहोवन
चणाडाळ घालून भाजी. उरलेल्याची दुसऱ्या दिवशी थालीपिठं. तटाची एक फेरी मारून गाडीत बसून खाल्ली.

राजगड_पुन्हा
नवीन सभासद आहे, चूकभूल माफ असावी. धागाकर्ती माझी मुलगी. तिने तटाची एक फेरी लिहिले आहे. निघायच्या दिवशी आम्ही पुन्हा बूरटांगंला गेलो तेव्हा फेऱ्या तीन झाल्या. ती दोन वेळा मोबाईलवर होती. तसेच माझ्या शाळेच्या मैदानाचा बांध खरोखरच त्या तटापेक्षा उंच आहे, मी विनोद केला नव्हता. हेमंत डेल्फ्ट यांना विचारायचे होते, लूवेस्टाइनला होडी किती वाजता सुटते? मुलगी म्हणते पुढच्या खेपेला. माझा व्हिसा अजून अकरा दिवस आहे.